गाळाच्या थरांतला प्राचीन भूकंप कसा ओळखावा: जागा निवडण्यापासून वय ठरवण्यापर्यंत

नदीकाठच्या किंवा रणातल्या गाळात वळ्या पडलेला, तुटलेला किंवा वाळूच्या उभ्या पट्टीने चिरलेला थर दिसला की त्याखाली ‘भूकंपाचा पुरावा’ असे लिहून मोकळे होण्याची घाई विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार आढळते. त्यापुढची चूक अधिक महागात पडते. वयनिश्चितीचा नमुना चुकीच्या थरातून घेतला जातो, प्रयोगशाळा त्याचे काटेकोर वय काढून देते, आणि तो काटेकोर आकडा भलत्याच घटनेला चिकटतो. या दोन्ही चुकांचे मूळ कामाच्या क्रमात आहे. विकृत थर हा फक्त संशयित असतो. त्याच्यावरचा पहिला अबाधित थर सापडल्याशिवाय आणि भूकंपाखेरीजची कारणे एकेक करून बाद केल्याशिवाय त्याला भूकंप म्हणता येत नाही.

पुढील उदाहरणे मुख्यतः कच्छच्या मोठ्या रणातली आहेत, कारण १६ जून १८१९ आणि २६ जानेवारी २००१ या दोन्ही मोठ्या भूकंपांत तिथल्या गाळाचे द्रवीकरण झाले, म्हणजे ओली वाळू हादऱ्याने पातळ होऊन वाहू लागली, आणि वाळूमिश्रित पाणी जमिनीवर उसळले. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीत काम करणाऱ्यांसाठी आवश्यक ते इशारे त्या त्या टप्प्यावर दिले आहेत.

टप्पा १: कोणता पुरावा शोधायचा ते आधी ठरवा

पुरावा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रस्तरभंगावरचा: जमीन जिथे प्रत्यक्ष फाटली आणि सरकली, तिथे थर तुटून वरखाली झालेले दिसतात. दुसरा प्रस्तरभंगापासून दूरचा: हादऱ्यामुळे ओली वाळू पातळ होऊन वर घुसते, तळ्याच्या तळाचा गाळ ढवळला जातो, किनाऱ्यावर त्सुनामीची वाळू पसरते.

कोणता प्रकार हाती लागेल हे भूकंपापेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. २००१ च्या भुजच्या भूकंपाची तीव्रता सुमारे ७.७ असूनही मुख्य प्रस्तरभंग भूपृष्ठापर्यंत फाटत आलेला आढळला नाही. द्रवीकरणाच्या खुणा मात्र रणात दूरवर पसरल्या होत्या. याउलट ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे त्यामानाने बराच लहान. पण त्याचे केंद्र उथळ असल्याने जमीन काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर उचलली गेली. किल्लारीच्या बेसाल्टवर आणि काळ्या चिकणमातीत वाळूच्या उद्रेकांची अपेक्षाच ठेवता येत नाही. म्हणून कामाचे नियोजन करताना ‘इथे भूकंप झाला का’ असा सैल प्रश्न न ठेवता ‘इथे झाला असता तर या गाळात त्याची कोणती खूण उरली असती’ असा प्रश्न लिहून काढावा.

टप्पा २: जागा निवडणे

द्रवीकरणाच्या अभ्यासासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: थोड्या खोलीवर भुसभुशीत, बारीक ते मध्यम वाळू, त्या वाळूत भरलेले भूजल, आणि वर पाणी सहज वाट देणार नाही अशी चिकणमातीची किंवा पोयट्याची चादर. हादऱ्याने वाळूचे कण एकमेकांवरची पकड सोडतात, त्यांच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि ते पाणी वाळूसकट वरची चादर फोडून बाहेर पडते. तीनपैकी एक गोष्ट नसेल तर कितीही जोराचा हादरा बसला तरी खूण उमटणार नाही.

याशिवाय चौथी अट आहे आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. तिथे घटनेनंतरही गाळ साचत राहिलेला असावा. जिथे धूप चालू आहे तिथे वरचा थर नाहीसा झालेला असतो, आणि वरचा थर नसेल तर घटना कधीची ते सांगता येत नाही. ओढ्याने कापलेली उभी दरड पाहायला सोयीची असते, पण दरडीच्या माथ्याजवळचे थर पूर्ण आहेत की धुऊन गेले आहेत हे पाहूनच ती निवडावी.

प्रस्तरभंगासाठी उपग्रह प्रतिमा, उंचीचे नकाशे आणि जुने स्थलदर्शक नकाशे एकत्र ठेवून सरळ रेषेत जाणारे उंचवटे, अचानक वळलेले ओढे आणि एका रांगेतली दलदल शोधावी. कच्छमधला अल्लाबंद हा असा उंचवटा आहे: १८१९ मध्ये उचलला गेलेला, काही मीटर उंच आणि ८० किलोमीटरांहून अधिक लांब.

*सावध:* शेताचे बांध, जुने कालवे, रस्त्याचे भराव आणि नदीच्या पायऱ्यांसारख्या जुन्या काठांच्या कडाही नकाशावर सरळ रेषेत दिसतात. गावातल्या वयस्कर माणसांना विचारल्याशिवाय कोणत्याही उंचवट्याला प्रस्तरभंगाची कड म्हणू नये.

*तपासा:* निवडलेल्या जागेपासून थोड्या अंतरावर हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोके पाडून वाळूची खोली, चादरीची जाडी आणि पाण्याची पातळी नोंदवा. हे काम चर खणायला जेसीबी बोलावण्यापूर्वी झालेच पाहिजे.

टप्पा ३: परवानगी, दिशा आणि चराची सुरक्षितता

मोठ्या रणाचा बराच भाग अभयारण्यात आणि सीमेलगत आहे. त्यामुळे वनखाते, जिल्हा प्रशासन आणि सीमा सुरक्षा दल या तिघांची परवानगी कामाच्या बरीच आधी घ्यावी लागते. पावसाळ्यात रण पाण्याखाली असते आणि नंतरही बराच काळ गाडी रुतते. काम हिवाळ्याच्या उत्तरार्धात ठेवावे. खासगी शेतात चर खणायचा असेल तर नुकसानभरपाई, वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवणे आणि चर बुजवण्याची तारीख हे सारे जमीनमालकाशी आधी बोलून लेखी ठेवावे.

चराची दिशा शोधायच्या खुणेला काटकोनात ठेवावी. प्रस्तरभंग किंवा वाळूची भित्ती (खालून घुसलेल्या वाळूची उभी पट्टी) तिरकी कापली गेली तर तिची रुंदी आणि कल दोन्ही चुकीचे दिसतात. जमीन आडवी सरकली असण्याची शक्यता असेल तर प्रस्तरभंगाला समांतर असे आणखी चर लागतात, कारण काटकोनातल्या चरात आडवे सरकणे मोजता येत नाही. चर पूर्व-पश्चिम असेल तर त्याची दक्षिणेकडची भिंत हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. तपशीलवार नोंदीसाठी तीच निवडावी. उन्हातली भिंत दुपारपर्यंत सुकून पांढरी पडते आणि थरांचे रंग ओळखू येईनासे होतात.

*सावध:* दीड मीटरहून खोल चरात टेकू आणि फळ्या लावल्याशिवाय किंवा भिंती पायऱ्यांनी मागे घेतल्याशिवाय कोणीही उतरू नये. उकरलेली माती काठापासून किमान एक मीटर दूर टाकावी, बाहेर पडायला शिडी कायम लावलेली असावी, आणि चरात माणूस असताना वर दुसरा माणूस उभा असावा. ओल्या वाळूची भिंत पूर्वसूचना न देता ढासळते. नमुना कितीही चांगला दिसला तरी या नियमाला अपवाद करू नये.

टप्पा ४: भिंत साफ करणे, जाळी आणि छायाचित्रे

जेसीबीच्या दातांनी भिंतीवर चिखल सारवला जातो आणि त्याखाली थर लपतात. हा थापलेला भाग थापीने आणि खुरप्याने वरून खाली उतरत तासावा, म्हणजे खालच्या साफ झालेल्या भागावर माती पडत नाही. तासताना हात थरांच्या दिशेने आडवा फिरवावा. उभ्या ओरखड्यांना नंतर भेगा समजण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते. वाळूचे थर ब्रशने हलके झाडावेत, कारण कणांच्या आकारातला फरक झाडल्यावरच उठून दिसतो.

मग ओळंबा आणि पाणसळ वापरून सुतळीची जाळी लावावी. एक मीटरची चौकट सर्वसाधारण भागाला पुरते, पण जिथे थर तुटले आहेत तिथे अर्ध्या मीटरची घ्यावी. जाळी लागल्यावर आणि खुणेच्या टाचण्या टोचण्यापूर्वी संपूर्ण भिंतीची एकमेकांवर निम्म्याहून अधिक सरकणारी छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे ती संगणकावर जोडून एकसंध प्रतिमा तयार करता येते.

*तपासा:* प्रत्येक चौकटीत क्रमांक वाचता येतो का, मोजपट्टी दिसते का आणि भिंतीची दिशा नोंदवली आहे का, हे चरातून बाहेर येण्यापूर्वी पाहा.

टप्पा ५: थर आधी, भेगा नंतर

या टप्प्याचा क्रम उलटला तर पुढचे काहीच दुरुस्त होत नाही. आधी भेग रेखाटली की डोळा प्रत्येक थर त्या भेगेपाशी तुटलेलाच पाहू लागतो. म्हणून प्रथम प्रत्येक थराची वरची आणि खालची सीमा रंगीत टाचण्यांनी भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन लावावी, आणि सीमा जिथे हरवते तिथे टाचण्या थांबवाव्यात. तुटलेपणा या टाचण्यांमधून आपोआप दिसू लागतो, आणि तसा दिसला तरच तो नोंदवावा.

थरांना खालून वर क्रमांक द्यावेत आणि मध्ये जागा सोडावी: १००, ११०, १२०. नंतर दोन थरांत एखादी पातळ पट्टी सापडली की तिला ११५ देता येते आणि सगळी वही बदलावी लागत नाही. प्रत्येक थरासाठी रंग, कणांचा आकार, सीमा तीक्ष्ण की विरत जाणारी, मुळांच्या खुणा, बिळे, चुनखडीचे खडे आणि खापरे यांची नोंद घ्यावी. जुनी जमीन, म्हणजे एके काळी उघड्यावर असलेला आणि नंतर गाडला गेलेला पृष्ठभाग, विशेष काळजीने शोधावा. तिचा रंग गडद असतो, वरची सीमा तीक्ष्ण आणि खालची विरत जाणारी असते, आणि मुळांच्या नळ्या तिच्या माथ्यापासून खाली उतरतात.

शक्य असल्यास दोघांनी एकमेकांची वही न पाहता तीच भिंत नोंदवावी. जिथे दोन नोंदी जुळत नाहीत तो भाग पुन्हा तासून पाहावा. मतभेद बोलून मिटवण्यापेक्षा भिंतीवर मिटवणे केव्हाही योग्य, कारण चर बुजल्यावर भिंत उरत नाही.

टप्पा ६: इतर कारणे एकेक करून बाद करणे

बहुतेक अहवाल इथेच कच्चे राहतात.

*काळ्या मातीचे भास.* मराठवाडा आणि विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. या हालचालीत मातीचे ढेकूळ ढेकळावर घासून तिरके, चकचकीत, ओरखडे असलेले पृष्ठभाग तयार होतात आणि ते हुबेहूब प्रस्तरभंगाच्या घर्षणपृष्ठांसारखे दिसतात. फरक असा की ते अनेक दिशांना वळलेले, वाटीसारखे आणि लहान असतात, काळ्या थरापुरतेच मर्यादित राहतात आणि खालच्या मुरमात किंवा खडकात उतरत नाहीत. खालच्या खडकापर्यंत सलग जाणारी आणि दोन्ही बाजूंच्या थरांची पातळी बदलणारी भेगच विचारात घ्यावी.

*भित्ती की भरलेली भेग?* वाळूची उभी पट्टी दिसली की प्रथम वाळू कुठून आली ते ठरवावे. खालून घुसलेली भित्ती खालच्या वाळूच्या थराशी जोडलेली असते, साधारणपणे वर निमुळती होत जाते, आणि तिच्या कडांना समांतर अशा कणांच्या उभ्या ओळी दिसतात. भिंगातून पाहिल्यास अभ्रकाचे चपटे कण कडांना समांतर उभे राहिलेले आढळतात. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे चिकणमातीचे तुकडे: खालच्या थराचा तुकडा त्याच्या मूळ पातळीच्या वर वाळूत अडकलेला दिसला, तर प्रवाह वरच्या दिशेने होता यात शंका राहत नाही. वरून भरलेल्या भेगेत याच्या उलट घडते. ती खाली निमुळती होते, तिच्यातला माल वरच्या जमिनीचा असतो, आणि तो आडव्या पातळ पापुद्र्यांत साचलेला असतो.

*उद्रेकाची वाळू की पुराची?* जमिनीवर आलेली वाळू तिच्या तोंडाजवळ जाड असते, बाहेरच्या बाजूला पातळ होत जाते आणि खालच्या भित्तीशी सलग असते. पुराची वाळू दूरवर पसरते, तिच्यात लाटांचे तिरके पापुद्रे असतात आणि खालची जमीन खरवडलेली असते. चरात भित्तीचे तोंड कापले गेले नसेल तर चर आणखी एका बाजूला वाढवावा. अंदाजाने जोडरेषा काढू नये.

*वळ्या पडलेले थर.* पुराने ओल्या चिखलावर एकाएकी जाड वाळू टाकली तरी वाळू बुडते आणि चिखल ज्वाळांसारखा वर येतो. उताराचा गाळ स्वतःच्या वजनाने घसरूनही वळ्या पडतात. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणीही वाळू वर उसळवते. अशा वेळी एका उघड्या भिंतीवरून निर्णय घेता येत नाही. विकृत थर आडव्या अबाधित थरांच्या मध्ये बंदिस्त आहे का, तो अनेक किलोमीटर त्याच पातळीवर सापडतो का, आणि एका दिशेने जाताना खुणांचा आकार लहान होत जातो का, ही तिन्ही उत्तरे ‘हो’ आली तरच भूकंपाचा दावा उभा राहतो. मृत समुद्राकाठच्या जुन्या तलावाच्या गाळात ढवळलेले थर हे थेट प्रस्तरभंगांना टेकलेले सापडले, म्हणून तिथली साक्ष बळकट मानली जाते. प्रत्येक ठिकाणी इतकी उघड साक्ष मिळत नाही.

टप्पा ७: घटनेची पातळी ठरवणे

भूकंप झाला त्या क्षणी जो पृष्ठभाग उघडा होता, तो थरांत शोधणे हे या सगळ्या कामाचे केंद्र आहे. वाळूचा उद्रेक असेल तर ही पातळी म्हणजे उद्रेकाखाली गाडली गेलेली जमीन. प्रस्तरभंग असेल तर शेवटचा तुटलेला थर आणि पहिला अखंड थर यांच्यामधली सीमा.

भेग वर जाऊन एका सीमेपाशी संपते, एवढ्यावरच घटना मोजणे धोक्याचे आहे. भुसभुशीत वाळूत सरकणे पसरून नाहीसे होते आणि भेग मध्येच संपल्यासारखी दिसते. म्हणून सोबत दुसरा पुरावा हवा: कड्याच्या पायथ्याशी ढासळलेल्या मातीची पाचर, उघड्या भेगेत पडलेली माती, किंवा खाली कललेले आणि वर आडवे असे थर. एकाहून अधिक घटनांचा संशय असेल तर प्रत्येक थर किती सरकला ते मोजावे. खालचे थर वरच्यांपेक्षा जास्त सरकलेले असतील तर त्यांनी एकाहून अधिक धक्के सोसले आहेत.

*तपासा:* रेखाटलेल्या भिंतीची प्रत घेऊन वरचा थर कापून टाका, उरलेले थर भेगेवर मागे सरकवून जुळवा, आणि असे एकेक घटना उलगडत खाली जा. एखाद्या पायरीला थर जुळत नसतील तर नोंदीत किंवा मोजणीत चूक आहे. पुन्हा चरात उतरा.

टप्पा ८: नमुने घेणे

नमुने नोंदीनंतरच घ्यावेत, कारण नमुन्याला थराचे नाव नसेल तर त्याच्या वयाला अर्थ नाही. घटनेच्या पातळीच्या लगेच खालून आणि लगेच वरून, असे किमान दोन नमुने हवेत.

कार्बन-१४ साठी बी, पान, बारीक डहाळी असा नाजूक माल निवडावा. कोळशाचा गोलसर, झिजलेला तुकडा दुसऱ्या जुन्या थरातून वाहत आलेला असू शकतो, आणि मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड घटनेपेक्षा शतकांनी जुने असू शकते. शिंपल्यांत पाण्यातला जुना कार्बन शिरतो, म्हणून वय खरे असते त्याहून जास्त येते. चुनखडीचे खडे थर साचल्यानंतर केव्हाही तयार होतात, ते टाळावेत. नमुना धातूच्या चिमट्याने उचलून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात ठेवावा; कापूस आणि टिश्यू कागद लावू नयेत.

रणासारख्या ठिकाणी कोळसा कमी मिळतो, तेव्हा वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे सांगणारी ओएसएल पद्धत वापरतात. त्यासाठी प्रकाश न शिरणारा धातूचा नळ भिंतीत आडवा ठोकून दोन्ही टोके काळ्या वेष्टनाने बंद करावीत, आणि भोवतालच्या सुमारे ३० सेंटिमीटर परिघातली माती वेगळी भरून घ्यावी, कारण किरणोत्साराची मात्रा तिच्यावरून मोजली जाते. मातीतला ओलावाही त्याच वेळी नोंदवावा.

*सावध:* ओएसएलचा नमुना वाळूच्या भित्तीतून घेऊ नये. भित्तीतली वाळू जमिनीखालून अंधारातच वर आलेली असते. तिचे वय भूकंपाचे नसते. ती वाळू नदीने मुळात केव्हा टाकली, तेवढेच त्यातून कळते. उद्रेकाची वाळूही क्षणात आणि ढिगाने बाहेर पडते, त्यामुळे तिच्या कणांना पुरेसे ऊन मिळालेले असेलच असे नाही. नमुना उद्रेकाखालच्या जमिनीतून आणि उद्रेकावर सावकाश साचलेल्या गाळातून घ्यावा.

वस्तीच्या जागी खापरे हा उत्तम आधार ठरतो. अमेरिकेतल्या न्यू माद्रिद परिसरात १८११-१२ च्या भूकंपांपूर्वीचे इ.स. ९०० आणि इ.स. १४५० च्या सुमाराचे वाळूचे उद्रेक ठरवताना तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांचे अवशेष फार उपयोगी पडले.

टप्पा ९: वय लावणे आणि निष्कर्ष लिहिणे

खालच्या नमुन्याचे वय ‘घटना याच्यानंतरची’ एवढेच सांगते आणि वरच्याचे ‘घटना याच्यापूर्वीची’. समजा खालच्या बीचे वय इ.स. १०२० ते ११६० आले आणि वरच्या गाळाचे इ.स. १२१० ते १२९०. मग घटना इ.स. १०२० ते १२९० या पट्ट्यात कुठेही असू शकते. मधला आकडा काढून ‘इ.स. ११५५ चा भूकंप’ असे लिहिणे चुकीचे आहे. कार्बन-१४ चे कच्चे वय १९५० पासून मागे मोजलेले असते आणि ते पंचांगाचे वर्ष नसते. कच्च्या वयावरून पंचांगाचे वर्ष काढून देणाऱ्या मान्य वक्ररेषेवर त्याचे रूपांतर करूनच ते लिहावे.

वेगवेगळ्या जागांचे पट्टे एकमेकांवर आले म्हणून घटना एकच, असेही ठरत नाही. काही दशकांच्या अंतराने झालेले दोन भूकंप या पट्ट्यात सहज लपतात. झाडांच्या वर्तुळांसारखा बारीक आधार मिळाला तरच पट्टा आवळता येतो: उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खचलेल्या जमिनीतली झाडे १६९९-१७०० च्या हिवाळ्याच्या आसपास मेली, हे वर्तुळांवरून दिसले, आणि जपानमधल्या त्सुनामीच्या नोंदींशी जुळवून तारीख २६ जानेवारी १७०० पर्यंत आणता आली.

भूकंप सरासरी किती वर्षांनी पुन्हा येतो याबाबत तर फारच जपून लिहावे. कॅलिफोर्नियातल्या पॅलेट क्रीक येथे सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरच्या दहा भूकंपांमधल्या अंतरांची सरासरी सुमारे १३२ वर्षे निघाली. पण ही सरासरी देणाऱ्या १९८९ च्या विश्लेषणातच असे दिसले की भूकंप गटागटाने आले: गटातले अंतर शंभर वर्षांहून कमी, आणि दोन गटांमध्ये दोन-तीन शतकांची शांतता. दोन घटना सापडल्या असतील तर हाती एकच अंतर आहे. त्याला सरासरी म्हणू नये आणि त्यावरून पुढच्या भूकंपाचे वर्ष वर्तवू नये.

अहवालात प्रत्येक घटनेपुढे तिचा दर्जा लिहावा: निश्चित, संभाव्य किंवा शंकास्पद, आणि कोणत्या पुराव्यावरून तो ठरवला तेही. पुरावा न सापडलेल्या जागाही नोंदवाव्यात, आणि तिथे वाळू, पाणी व चादर होती की नव्हती हे त्यांच्यासमोर लिहावे. तिन्ही असूनही खूण नसेल तर ती माहिती भूकंपाची व्याप्ती ठरवायला उपयोगी पडते. भिंतीची मूळ छायाचित्रे रेषा न काढता जशीच्या तशी जोडावीत, म्हणजे वाचणाऱ्याला आपले वाचन पडताळता येईल. चर बुजवण्यापूर्वी भिंतीच्या पायथ्याशी प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि चराच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश वहीत लिहावेत, कारण पुढे कोणाला तीच भिंत पुन्हा उघडून तपासायची असेल तर जुनी कड त्यावरूनच सापडते.